निऱ्या पुढेच

पुरुषानं कमरेखाली काय नेसावं यावर मत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. माझ्या कपाटात एक किल्ट आहे, स्कॉटिश पुरुष नेसतात तो गुडघ्याएवढा घागरा. हिरव्या-लाल चौकड्यांचा, सियालकोटला शिवलेला, धुऊन धुऊन मऊ पडलेला. मी सांगलीचा. स्कॉटलंडला कधी गेलो नाही आणि बॅगपाइप ऐकला की माझं डोकं उठतं. तरी तो किल्ट मी बरीच वर्षं घरात, अंगणात, भाजी आणायला जाताना नेसलो, आणि ज्याला हसायचं होतं त्याला पोटभर हसू दिलं. तो घेतला त्यामागे हौस नव्हती, राग होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अबू धाबीच्या वाळवंटात, रुवैसच्या अलीकडे एका कंत्राटदार कंपनीची वसाहत होती, तिथं आम्ही राहायचो. माझं काम पाइपांची तपासणी करायचं. दिवसभर अंगात जाड बॉयलर सूट, त्यामुळे घरी आलो की आधी लुंगीत शिरायचं आणि मग चहा मागायचा, असा माझा नेम होता. वसाहत म्हणजे एकसारख्या बैठ्या घरांच्या रांगा, एक दुकान, एक दवाखाना आणि एक क्लब. भोवती वाळू, लांबवर रिफायनरीची ज्योत. दुबई गाठायची तर अर्धा दिवस गाडीत जायचा. त्यामुळे क्लब हीच आमची पेठ, तेच नाट्यगृह आणि तोच गावचा पार. क्लबात ज्याला जागा नाही त्याला त्या वसाहतीत कुठंच जागा नाही, इतकं ते सरळ होतं.

आई गेल्यावर मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. अण्णांनी सांगलीत हळदीच्या एका अडत्याकडे आयुष्यभर दिवाणजी म्हणून काम केलं. धोतर, पांढरा सदरा, टोपी. धोतराचा काठ कितीही धुतला तरी पिवळसर राहायचा. पँट त्यांनी कधी घातली नाही. त्यात हट्ट नव्हता, तसं कधी त्यांच्या मनातच आलं नाही. अबू धाबीच्या विमानतळावर मी जरा धास्तावलो होतो. पण पासपोर्ट बघणारा तरुण अरब स्वतःच पायघोळ पांढऱ्या कंदुऱ्यात बसला होता. त्यानं अण्णांकडे पाहिलं, "अहलान, अहलान" म्हणाला आणि शिक्का मारून दिला. पांढऱ्या कपड्यातल्या म्हाताऱ्याला अडवावं असं त्याला वाटलं नाही. ते वाटलं आपल्याच एका माणसाला.

एका गुरुवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, मी कामावर अडकलो होतो. बायको आणि मुलगी अण्णांना तांबोल्यासाठी क्लबवर घेऊन गेल्या. दारात क्लबचा सेक्रेटरी उभा. हा पुण्याचा, आमच्याच कंपनीत प्लॅनिंगला होता. शर्टाची बाही दुमडलेली मी त्याची कधी पाहिली नाही. त्यानं दारावरच्या पाटीकडे बोट केलं. लुंगी, धोती, पायजमा, स्लीपर्स नॉट अलाउड.

"वहिनी, प्लीज, डोन्ट माइंड. काकांना पँटमध्ये घेऊन या ना. मग आमची काहीच हरकत नाही."

मागं लोक खोळंबले होते. बायको काही बोलणार तेवढ्यात अण्णाच वळले. "मला कुठं तांबोला येतो?" असं म्हणाले आणि घरी चालत आले. मी आलो तेव्हा ते शांतपणे शेंगा सोलत बसले होते. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हणाले, "नियम आहे त्यांचा. आपण कशाला जायचं?" आणि त्यानंतर त्यांनी क्लबच्या रस्त्यानं फिरायला जाणंही सोडलं.

हे सगळं मी गिळलंही असतं. परदेशात माणूस बरंच गिळतो. पण पुढच्या महिन्यात क्लबचा वार्षिक कार्यक्रम होता, आणि त्यात माझी मुलगी नाचणार होती. आठवीतली पोर. जन्म तिथलाच, मराठी कळायचं पण उत्तर इंग्रजीत यायचं. कोळीनृत्य बसवलं होतं, चौघी मुलींचं, आणि त्यात मराठी ही एकटीच. प्रत्येकीला नऊवारी नेसायची होती. आता नऊवारी नेसवणार कोण? माझ्या बायकोला येत नव्हती, बाकीच्या आयांनी तर कधी पाहिलीही नव्हती. शेवटी अण्णा म्हणाले, "कासोटाच आहे ना? मग धोतरात आणि त्यात असा काय फरक आहे?" आणि त्यांनी व्हरांड्यात उभं करून चारी पोरींना निऱ्या घालायला आणि कासोटा मारायला शिकवलं. रोज संध्याकाळी त्या नाचायच्या आणि अण्णा खुर्चीच्या हातावर ताल धरायचे. कुठली पोर कुठं चुकते हेसुद्धा त्यांना पाठ झालं होतं.

आणि कार्यक्रमाला मात्र ते येणार नव्हते. "मी घरूनच नेसवून देतो सगळ्यांना. तुम्ही जा. व्हिडिओ काढून आणा, मी टीव्हीवर बघतो."

म्हणजे बघा. तोच कासोटा स्टेजवर चालणार होता, त्याला टाळ्या पडणार होत्या, सेक्रेटरी माइकवरून त्याला संस्कृती म्हणणार होता. आणि तो ज्यांनी बांधून दिला त्यांनी घरी बसून टीव्ही बघायचा. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरीच्या केबिनमध्ये गेलो.

"अरे, रूल सगळ्यांना सेम आहे," तो म्हणाला. "पर्सनली घेऊ नकोस."

"सगळ्यांना? तो वेल्डिंगवाला स्कॉट दर गुरुवारी घागरा घालून येतो, बारपाशी उभा राहतो. त्याला कधी पँट आणायला घरी पाठवलंस?"

"तो किल्ट आहे. नॅशनल ड्रेस आहे त्यांचा."

"आणि धोतर कुणाचा ड्रेस आहे?"

त्यानं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "समजून घे ना यार. इथं आपण प्रोफेशनल म्हणून आलोय. आपल्याकडे लोक कसे बघतात तुला माहितीये. आज काकांना सोडलं तर उद्या अख्खा कॅम्प लुंगीत येईल. खलास! मग क्लब कसला, ती चावडी होईल."

मी वसाहतीच्या मॅनेजरकडे गेलो, तर त्यानं हा कमिटीचा विषय म्हणून हात झटकले. कमिटी म्हणजे पुन्हा सेक्रेटरीच. बाहेर येऊन मी गाडीत बसलो आणि तिथंच माझ्या डोक्यात ते शिरलं. स्कॉटच्या किल्टला नियम हात लावत नाही ना? मग मी किल्ट नेसून जाणार. मला अडवलं तर स्कॉटलाही अडवावं लागेल. मला सोडलं तर माझ्या मागं धोतरात उभ्या असलेल्या माझ्या बापाला काय कारण सांगून अडवणार? दोन्हीकडून कोंडी. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूष झालो की घरी जाईपर्यंत एकटाच हसत होतो.

स्कॉट, म्हणजे स्कॉटलंडचा तो माणूस, वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. लालबुंद, दारातून आत येताना वाकावं लागेल एवढा. मी त्याला जेवणाच्या सुट्टीत गाठलं आणि विचारलं, रोजच्या वापराचा, परवडेल असा किल्ट कुठं मिळतो? त्याला आधी वाटलं मी थट्टा करतोय. मग मी अण्णांची हकिगत सांगितली. त्यानं चमचा खाली ठेवला आणि सेक्रेटरीला एक शिवी दिली. ती मला पूर्ण कळली नाही, पण आवडली.

मग तो शिकवायला लागला. लोकरीचा घेऊ नकोस, म्हणाला. तो लग्नाकार्याचा, आठ वार कापडाचा, या उन्हात तुझा जीव जाईल. मिश्र सुताचा घे, घरी धुता येतो. निऱ्या कुल्ल्यापर्यंत शिवलेल्या आहेत का बघ. नसतील तर दोन धुण्यांत त्यांचा बोळा होतो. चौकडी निरीमध्ये तुटता कामा नये. कमरेचे पट्टे कातड्याचे हवेत, रेक्झिनचे इथल्या गरमीत तडकतात. लांबी गुडघ्याच्या मध्यावर. आणि आत काय घालायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी म्हटलं, ते माझं ठरलंय, हाफ चड्डी. तो जरा निराश झाला. दुकानाचा पत्ता मात्र त्यानं पक्का दिला. दुबईच्या देरा पेठेत, एका सियालकोटच्या पठ्ठ्याचं. स्कॉटलंडमध्ये विकले जाणारे ढीगभर किल्ट सियालकोटलाच शिवले जातात, हे मला त्या दिवशी कळलं. मी अरब देशात बसून स्कॉटिश कपडा पाकिस्तान्याकडून घेणार, आणि तोही मराठी धोतरासाठी. मला यात काही वावगं वाटलं नाही.

शुक्रवारी सगळे निघालो. बायको म्हणत होती, "अहो, एक अर्ज लिहून बघा ना सगळ्यांच्या सह्यांचा. हे काय सोंग?" मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, प्लीज, नो! एव्हरीवन विल सी!" मी म्हटलं, त्यासाठीच तर घेतोय. अण्णा खिडकीतून उंट बघत होते. मी त्यांना नुसतं म्हटलं होतं की एक कापड घ्यायचंय.

दुकान बँडवाल्यांच्या गणवेशांचं होतं. पोलीस बँडचे पट्टे, बिल्ले, शिट्ट्या, दोरीला टांगलेले बॅगपाइप, आणि मागच्या भिंतीला किल्टच किल्ट. दुकानदार जाडजूड, सुरमा घातलेला. त्यानं आधी काउंटरवर एक भारी किल्ट आपटला.

"ये देखो साब. प्योर ऊन. गोरे लोग शादी के वास्ते लेते हैं. साडे आठ सौ दिरहम."

"जवळजवळ दहा हजार रुपये!" बायकोनं तिथल्या तिथं गुणाकार केला. "अहो, यात माझा शालू येतो."

"रोज पहनने का दिखाओ," मी म्हटलं.

त्यानं मिश्र सुताचा गठ्ठा काढला. पहिला काळा-निळा होता, छत्रीचं कापड वाटला. दुसरा भडक पिवळा. तो बघून अण्णा इतका वेळ बसले होते ते उठून आले. "हा बरा आहे. हळदीसारखा." मुलगी म्हणाली, "नो वे." तिसरा हिरवा-लाल, सोलापूरच्या चादरीसारखा. तो मला बघताक्षणी आपला वाटला. मी स्कॉटनं सांगितल्याप्रमाणे निऱ्या ओढून बघितल्या, चौकड्या जुळवून बघितल्या. पट्टे रेक्झिनचे निघाले तेव्हा कातड्याचे लावून घेतल्याशिवाय हललो नाही. स्कॉट म्हणाला होता की प्रत्येक चौकडी एकेका घराण्याची असते, म्हणून मी विचारलं, ही कुठल्या घराण्याची?

"किसी की नहीं साब. हमारे मामूं ने लूम पे अपने दिल से बनायी है."

मग तर प्रश्नच मिटला. त्यानं सव्वाशे सांगितले, मी साठ म्हटलं, "हबीबी, कपडे को हाथ तो लगाओ" वगैरे झालं आणि नव्वदवर सौदा जमला. पुढं लटकवायची केसाळ पिशवी तो आणखी पन्नासला देत होता. ती मी घेतली नाही. अण्णांनी कापड दोन बोटांत चुरगाळून बघितलं, हळद बघतात तसं. "कुणासाठी घेतोयस? पोरीला?"

"मला, अण्णा. मी नेसणार."

त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि पुन्हा घातली.

घरी येऊन मी तो नेसून बाहेर आलो, तर बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मुलगी किंचाळली, "दॅट्स माय स्कूल स्कर्ट!" तिच्या शाळेचा स्कर्ट खरंच चौकड्यांचा आणि निऱ्यांचा होता. मी आरशासमोर वळून वळून पाहिलं. निऱ्या पोटावर छान उलगडत होत्या, मागची सपाट बाजू खुर्चीत बसायला सोयीची होती. पायांना वारा लागत होता. रोजच्या वापराला याहून चांगलं काय हवं? लुंगीसारखा सुटायची भीती नाही, पँटसारखा मांड्यांना चिकटत नाही. बायकोनं बाहेर येऊन एक निरी सारखी केली आणि हसत हसतच म्हणाली, "पडतायत मात्र सुरेख."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी अण्णांनी चारी पोरींना व्हरांड्यात नेसवून दिलं.

"टू टाइट, आजोबा," माझी म्हणाली.

"असू दे. सुटणार नाही. खुशाल नाच."

ती क्षणभर घुटमळली. मग माझ्याकडे बघून भराभर म्हणाली, "बाबा, इफ यू आर रिअली वेअरिंग दॅट, प्लीज सिट अॅट द बॅक." आणि आईबरोबर मेकअपसाठी पुढं निघून गेली. अण्णांना इंग्रजी कळत नव्हतं, पण पोरीचा चेहरा कळत होता. ते आत जाऊन पलंगावर बसले.

मी पांढरा शर्ट, किल्ट, पोटऱ्यांपर्यंत मोजे, बूट असा तयार होऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. आता तरी सगळं सांगणं भाग होतं. मी माझी कोंडीची युक्ती सांगितली. तुम्ही नुसतं माझ्या मागं या, म्हटलं, बोलायचं मी बघतो. त्यांनी मान हलवली. "नको रे. पोरीच्या दिवशी तमाशा नको. तू जा."

"बरं. मग मी एकटाच जातो असा."

त्यांनी मला टाचेपासून डोक्यापर्यंत बघितलं. मग उठले, खुंटीवरची टोपी घातली, धोतराचा सोगा झटकला.

"असा एकटा नको जाऊस," म्हणाले. "चल, मी येतो."

क्लबच्या दारात दिव्यांच्या माळा होत्या. सेक्रेटरी सुटाबुटात लोकांचं स्वागत करत होता. त्यानं मला पाहिलं. मी छाती पुढं काढली, काय बोलायचं ते तोंडात तयार ठेवलं.

"ओ हो हो! व्हॉट अ स्पोर्ट!" त्यानं चक्क टाळ्या वाजवल्या. "मस्त रे! आत ये, आत ये. तुला फॅन्सी ड्रेसमध्ये बक्षीस देऊ."

माझी अर्धी हवा तिथंच गेली. तरी मी नेटानं म्हटलं, "थँक यू. आणि हे माझे वडील. कमरेला गुंडाळलेलं कापड मलाही आहे, त्यांनाही आहे. निऱ्या मला आहेत, त्यांनाही आहेत. मी चालतो तर ते का नाही, एवढं सांग."

त्याचं हसू मावळलं. "यार, आज नको ना. इतके गेस्ट आहेत."

"आजच. सांग."

आतून स्कॉट आला. ठरल्याप्रमाणे तो माझ्या बाजूनं उभा राहणार होता. तो आला, त्यानं मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि त्याचा चेहरा हसू दाबून आणखी लाल झाला.

"अरे बाबा," तो त्याच्या इंग्रजीत म्हणाला, "तू तो उलटा घातलायस. निऱ्या मागं असतात."

दारातले सगळे हसले. खो खो हसले. मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. मला काय, माझ्या बायकोलाही नव्हतं. साडी असो, धोतर असो, निऱ्या पोटाशी खोचायच्या हे ज्यानं जन्मभर पाहिलं त्याला त्या पाठीवर असतील अशी शंका तरी कशी येणार?

"बघ," सेक्रेटरी म्हणाला, "तुला घालताही येत नाही. जोक केलास, छान झालं, आता यल्ला, आत चल."

माझी कोंडी, माझा युक्तिवाद, सगळ्याचा फुसका बार झाला होता. मी जोक ठरलो होतो आणि माझ्या मागं माझा बाप पुन्हा दाराबाहेरच होता. "तुझाच उलटा आहे," मी स्कॉटवर ओरडलो, "निऱ्या पुढेच असतात!" आणि सेक्रेटरीला जे बोलायला मी तोंड उघडलं ते छापण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात अण्णांनी माझ्या कोपराला धरलं आणि मला बाजूला केलं.

"गाव कुठलं तुमचं?" त्यांनी सेक्रेटरीला विचारलं. एस.टी.त शेजाऱ्याला विचारावं तसं.

"पुणे."

"त्याच्या आधी?"

"कराडच्या अलीकडे. खेडं आहे."

"म्हणजे आमच्याकडलेच की. वडील काय नेसायचे?"

आत कुणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो, वन टू. सेक्रेटरीनं मागं वळून पाहिलं, पुन्हा अण्णांकडे पाहिलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच मराठी झाला.

"धोतरच नेसायचे," तो म्हणाला. "हॉस्टेलवर मला भेटायला यायचे. पोरं हसायची. मी त्यांना गेटवरूनच परत पाठवायचो." मग घाईनं म्हणाला, "म्हणून सांगतोय काका, मला तुमचा अपमान करायचा नाही. इथंही लोक हसतील हो."

अण्णांनी मान डोलावली. त्यांना ते पटल्यासारखं दिसलं.

"हसू दे की," ते म्हणाले. "चला, पोरीचा नाच सुरू होईल."

आणि सेक्रेटरीच्या पाठीवर हात ठेवून, त्यालाच बरोबर घेऊन, सोगा सावरत ते आत गेले. त्याला बाजूला सारलं नाही, परवानगी मागितली नाही. सेक्रेटरी दोन पावलं त्यांच्याबरोबर चालला आणि मग तिथंच उभा राहिला. मी किल्ट सावरत मागून धावलो.

लोक हसले का? हसले. मागच्या ओळीत कुणीतरी खुसखुसलं, कुणीतरी कुणाला कोपरानं डिवचलं. अण्णा थेट पहिल्या ओळीत गेले आणि मधल्या खुर्चीवर बसले. मी शेजारी बसलो. पोरीनं मागं बसायला सांगितलं होतं, हे मला आठवत होतं, पण त्या क्षणी मला कुणी मागं बसवू शकलं नसतं. पडदा उघडला. चौघी टोपल्या घेऊन आल्या. अण्णांची बोटं गुडघ्यावर ताल धरायला लागली आणि प्रत्येक गिरकीला ते पुटपुटत होते, "सुटत नाही. सुटत नाही." खरंच एकीचाही कासोटा सुटला नाही. माइकवर सेक्रेटरीनं संस्कृतीबद्दल बोलायचं टिपण आणलं होतं. त्यानं ते खिशातून काढलं, घडी करून परत ठेवलं आणि म्हणाला, या मुलींना साड्या यांनी नेसवल्या आहेत. हात अण्णांकडे केला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पण मला सेक्रेटरीची दया वगैरे आली नाही, हे इथं सांगून टाकतो. त्याच्या वडिलांना गेटवरून परत पाठवण्याची भरपाई माझ्या वडिलांकडून होणार नव्हती.

घरी जाताना अण्णा म्हणाले, "तुझं ते कापड चांगलं आहे. पण कासोटा नाही. वारा लागेल."

पाटी काही निघाली नाही. अण्णा तिथं असेपर्यंत दर गुरुवारी तिच्याखालून धोतरात जायचे, तांबोला खेळायचे आणि सगळे आकडे चुकवायचे. स्कॉट मला भेटेल तिथं सांगायचा, बाबा रे, फिरव तो, फिरव. मी फिरवला नाही. पुढं शारजाला राहायला गेलो, मग परत आलो, अण्णा गेले, तरी निऱ्या पुढेच राहिल्या. आता त्या मागं असतात हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच पुढे ठेवल्या.

त्या संध्याकाळचं एक मात्र मला फार नंतर कळलं. पडदा उघडायच्या आधी मुली फटीतून प्रेक्षकांत डोकावत होत्या. बायको मागंच पिना घेऊन उभी होती. पहिल्या ओळीत आम्ही दोघे बसलो होतो, एक धोतरात आणि एक उलट्या किल्टमध्ये. दुसऱ्या नाचातली एक मुलगी फिदीफिदी हसत म्हणाली, कोण गं हे दोघे? आमची पोर आठवीतली, तिला तर दिवसभर हीच धास्ती होती. तिनं फटीतून बराच वेळ पाहिलं, कमरेचा कासोटा एकदा चाचपला आणि आमच्या घरात जी पोर कधी इंग्रजीशिवाय बोलायची नाही ती मराठीत म्हणाली, "माझे आहेत."